कुन्यादोची कुळी: स्पॅनिश नात्याच्या शब्दाचं मूळ कसं काढावं

स्पॅनिशच्या वर्गात सुरुवातीलाच कुटुंबाचा धडा येतो. पाद्रे, माद्रे, एर्मानो, एर्माना इथपर्यंत मंडळी खुशीत असतात. मग येतो 'कुन्यादो'. पुस्तकात समोर 'ब्रदर-इन-लॉ' एवढंच लिहिलेलं असतं आणि कोथरूडला माझ्या बैठकीच्या खोलीत कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पण नक्की कोण? दीर की मेहुणा?"

दोन्ही. शिवाय बहिणीचा नवराही. 'कुन्यादा' म्हणजे नणंद, वहिनी, भावजय, मेहुणी, ज्याला जी लागेल ती. बायकांच्या चेहऱ्यावर यावर एक विशिष्ट भाव उमटतो. नणंद आणि वहिनी एकाच शब्दात कोंबणारे लोक सणासुदीला बोलतात तरी कसे, असा.

अर्थ सांगून माझं काम संपतं, पण हिंजवडीहून दमून येणारी ही पोरं चौकस असतात. शब्द आला कुठून हे त्यांना हवं असतं, आणि मग कुणीतरी फोनवर काहीतरी शोधून भलतंच वाचून दाखवतं. म्हणून ही पद्धत लिहून ठेवते. कुन्यादोवर करून दाखवते, बाकीच्या शब्दांवर तुम्ही करा. लॅटिन येत नसलं तरी चालतं. मराठी नीट येत असलं की निम्मं काम झालं.

वही घ्या आणि पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'उच्चार', उजवीकडे 'अर्थ'. हे दोन रकाने शेवटपर्यंत एकमेकांत मिसळायचे नाहीत. व्युत्पत्तीच्या नावाखाली जे बाष्कळ लिहिलं जातं त्यातलं बरंचसं हे रकाने मिसळल्यामुळे होतं: आवाज जरा जुळला की अर्थ ओढूनताणून बसवायचा, किंवा अर्थ जुळला की आवाजाकडे काणाडोळा करायचा. उच्चार बदलतात ते नियमाने, आणि तो नियम त्या भाषेतल्या सगळ्या शब्दांना सारखा लागू होतो. अर्थाला असा नियम नाही. लग्नं कशी ठरतात, कोण कुणाच्या घरी राहतं, वाटण्या कशा होतात, कायदा काय म्हणतो, याच्या मागे तो फरफटत जातो.

आता कोश. माद्रिदच्या रिआल अकादेमिया एस्पान्योला या १७१३ साली स्थापन झालेल्या संस्थेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. शब्द टाकला की अर्थांच्या आधी एक छोटी ओळ येते. बहुतेक विद्यार्थी ती ओलांडून थेट पहिल्या अर्थावर जातात. आपल्याला तीच हवी आहे. कुन्यादोच्या ओळीत म्हटलंय: लॅटिन 'कोग्नातुस', म्हणजे रक्ताचा नातेवाईक.

इथे पेन खाली ठेवून ओळ पुन्हा वाचा. रक्ताचा. कुन्यादो तर रक्ताचा नसतोच, ती त्याची व्याख्याच आहे. मूळ शब्दाचा अर्थ आजच्या अर्थाच्या बरोब्बर उलट निघाला की शोध खरा सुरू होतो. कोशातली संक्षिप्त रूपंही बघत जा. 'देसुस.' म्हणजे तो अर्थ वापरातून गेला. विद्यार्थी असे अर्थ परीक्षेत येणार नाहीत म्हणून गाळतात. मूळ शोधताना मात्र ते सोन्यासारखे. जुन्या स्पॅनिशमध्ये लग्नाने जोडलेल्या कुठल्याही नातेवाइकाला कुन्यादो म्हणत. म्हणजे 'रक्ताचा' आणि 'बायकोचा भाऊ' यांच्यामधली एक पायरी सापडली. उजव्या रकान्यात तिन्ही लिहा, एकाखाली एक.

डावा रकाना. कोग्नातुसचा कुन्यादो नियमाने होतो का? कोशाने सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, पडताळायचं. शब्द तोडा: को, ग्ना, तुस. मधल्या 'ग्न'चं स्पॅनिशमध्ये काय होतं? लॅटिन 'लिग्नुम' म्हणजे लाकूड, त्याचा स्पॅनिश 'लेन्यो' झाला, ओंडका. 'पुग्नुस' म्हणजे मूठ, त्याचं 'पुन्यो'. 'सिग्ना'चं 'सेन्या', खूण. तीन साक्षीदार मिळाले, ग्नचा न्य होतो. दोन स्वरांमधल्या 'त'चं काय? 'वीता'चं 'वीदा', आयुष्य. 'रोता'चं 'रुएदा', चाक. तचा द होतो. शेवटचा 'उस' स्पॅनिशमध्ये 'ओ' होऊन बसतो, त्याला हजार उदाहरणं. उरला पहिला 'ओ'. शेजारच्या न्यने त्याला वर ओढून 'उ' केलं. इटालियनमध्ये तो तसाच राहिला, त्यांचा शब्द 'कोन्यातो'.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. संस्कृत 'ज्ञ'चं आपण काय केलं? राज्ञीची राणी केली आणि यज्ञोपवीताचं जानवं. जोडाक्षर जिभेला जड झालं की प्रत्येक भाषा आपापल्या पद्धतीने ते दळून घेते. तुमचा कान या कामाला तयार आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

'ग्नातुस'ची आणखी एक गंमत. त्याचा अर्थ 'जन्मलेला'. आपल्या 'जात', 'जन्म', 'जन' या शब्दांचा धातू आणि याचा धातू मुळात एकच. पुढे 'को' लावलं की 'बरोबर जन्मलेला, एका कुळात जन्मलेला'. म्हणून रक्ताचा.

आता एक सापळा, ज्यात हुशार विद्यार्थीच जास्त सापडतात. स्पॅनिशमध्ये 'कुन्या' असा शब्द आहे. कुन्या म्हणजे पाचर. लाकूड फोडताना किंवा दार उघडं ठेवताना खाली सारतात ती. मग काय, मेहुणा म्हणजे संसारात मारलेली पाचर! वर्गात हशा पिकतो. स्पॅनिश लोक स्वतःही हा विनोद करतात. त्यांची म्हणही आहे, की त्याच लाकडाच्या पाचरेहून वाईट पाचर नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अगदी तेच. पण कुळी काढायला बसलात तर विनोद बाजूला ठेवा. पाचरेचा शब्द लॅटिन 'कुनेउस'वरून आलाय, त्यात ग कधीच नव्हता. दोन वेगळ्या उगमांचे ओढे एका जागी आले म्हणून ते एक ओढा होत नाहीत. डावा रकाना नीट भरला असेल तर हा सापळा आपोआप टळतो.

पुढची पायरी बहिणींकडे चौकशीची. लॅटिनच्या लेकी अनेक. पोर्तुगीजमध्ये 'कुन्यादु', कातालानमध्ये 'कुन्यात', इटालियनमध्ये 'कोन्यातो', रोमेनियनमध्ये 'कुम्नात'. रोमेनियनमध्ये ग्नचं म्न होतं, तिथे लाकूड 'लेम्न' आणि मूठ 'पुम्न', म्हणजे तोही नियमातच. या सगळ्या भाषांत अर्थ लग्नाच्याच नात्याचा, रक्ताचा कुठेच नाही. रोमेनियन ही बाकीच्या बहिणींपासून लवकर तुटलेली, कोपऱ्यात एकटी वाढलेली. तिच्यातही हाच अर्थ आहे, त्याअर्थी बदल स्पेनमध्ये झालेला नाही. तो लोकांच्या तोंडच्या लॅटिनमध्येच, घर फुटायच्या आधी झाला. एकट्या स्पॅनिशकडे बघून हे कधीच कळलं नसतं. फ्रेंच तेवढी फटकून आहे. तिने शब्द टाकून दिला आणि 'बो-फ्रेर' म्हणजे 'सुंदर भाऊ' असं सौजन्यपूर्ण प्रकरण काढलं. डेक्कनच्या आसपास फ्रेंच शिकलेल्यांना त्याचं फार कौतुक असतं, मला नाही.

पण अर्थ उलटला का? रोमन कायद्यात नातेवाइकांचे दोन प्रकार होते. 'आग्नातुस' म्हणजे निव्वळ पुरुषांच्या ओळीतून जोडलेला, आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखा. 'कोग्नातुस' म्हणजे रक्ताचा कुणीही, बाईमार्फत जोडलेलासुद्धा. वारसा आणि घराण्याचं नाव जुन्या काळी पहिल्या प्रकाराकडे. म्हणजे रोजच्या बोलण्यात 'नुसता कोग्नातुस' म्हटला की मनात आईकडचा, मुलीकडचा, बाईमुळे जोडलेला माणूस उभा राहत असणार. तिथून 'बायकोकडचा' व्हायला फार चालावं लागत नाही. हा माझा तर्क आहे, मला तो पटतो. मध्ययुगात चर्चच्या लग्नाच्या नियमांनीही हातभार लावला असावा. रक्ताच्या नात्यात लग्न चालत नसे, तसंच लग्नाने जोडलेल्या ठरावीक नात्यांतही नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारांना वेगळी नावं लागली. तेराव्या शतकात कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने 'सिएते पार्तिदास' नावाचा कायद्याचा ग्रंथ करवून घेतला. त्यात लग्नाच्या आड येणाऱ्या नात्यांचा विचार करताना एकीकडे 'पारेन्तेस्को', म्हणजे नातं, आणि दुसरीकडे 'कुन्यादेस', म्हणजे लग्नाने जोडलेलं नातं, अशी जोडी येते. शब्दाने तोवर पूर्ण पक्ष बदलला होता.

इथवर आल्यावर विद्यार्थी वही मिटतात. मिटू नका, खरी मजा पुढे आहे. शब्दाची कुळी काढताना एक प्रश्न विचारायचा राहतो: हा शब्द येण्याआधी या जागेवर कोण बसलं होतं?

लॅटिनमध्ये दिराला 'लेविर' होता. संस्कृत 'देवर', मराठी 'दीर', लॅटिन 'लेविर' हे एकाच मुळाचे. काही लॅटिन शब्दांत जुन्या 'द'चा 'ल' झाला, त्यातलाच हा. जावांना 'यानित्रीकेस' होता. आपला 'जाऊ' संस्कृत 'यातृ'वरून आला आणि लॅटिनचा त्याचा चुलत भाऊ. नणंदेला 'ग्लोस' असा आखूड, तिच्या स्वभावाला शोभेलसा शब्द होता. सगळे गेले. स्पॅनिशमध्ये लेविरची आठवण 'लेविरातो' या पुस्तकी शब्दात उरलीय, म्हणजे विधवा भावजयीने दिराशी लग्न करण्याची प्रथा. बोलीत काही नाही. एवढ्या रिकाम्या पाटांवर एकटा कोग्नातुस मांडी ठोकून बसला. म्हणून त्याचा अर्थ आज इतका ऐसपैस आहे.

वर्गातल्या "दीर की मेहुणा?" या प्रश्नाचं खरं उत्तर हे. लेविर, यानित्रीकेस हे शब्द अशा घरातले, जिथे सून लग्न होऊन नवऱ्याच्या गोतावळ्यात येते आणि तिथला प्रत्येकजण तिला वेगवेगळ्या नात्याने ओळखावा लागतो. आपल्याकडे ते घर परवापरवापर्यंत होतं, शब्द टिकले. आता कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जावा दिवाळीला भेटतात, तेव्हा आपला 'जाऊ' किती टिकतो ते बघायचं.

सासू मात्र कुठेच गेली नाही. हा शब्द वहीत शेजारच्या पानावर घ्याच, कारण मराठी वाचकासाठी याहून सोपी बक्षिशी नाही. स्पॅनिश 'सुएग्रा', लॅटिन 'सोक्रुस', संस्कृत 'श्वश्रू', मराठी 'सासू'. एकच शब्द. स्पॅनिश 'नुएरा', लॅटिन 'नुरुस', संस्कृत 'स्नुषा', प्राकृतातली 'सुण्हा', मराठी 'सून'. हाही एकच. नियम लावून बघा. आघाताखालचा लॅटिन ऱ्हस्व 'ओ' स्पॅनिशमध्ये 'उए' होतो, जसं 'पोर्ता'चं 'पुएर्ता', दार. 'क्र'चं 'ग्र', जसं 'लाक्रिमा'चं 'लाग्रिमा', अश्रू. बोलीत सोक्रुसचं 'सोक्रा' आणि नुरुसचं 'नुरा' झालं होतं. त्या सोक्राची सुएग्रा झाली, चोख. पण नुरुसमध्ये 'ओ' नाही, 'उ' आहे. मग नुएरात 'उए' कुठून आला? सासूकडून. दोन शब्द सतत जोडीने उच्चारले जायचे, त्यात सासूच्या वजनाने सुनेचा स्वर बदलला आणि नुराची नोरा झाली. हे मी वर्गात सांगते तेव्हा लग्न झालेल्या मुली उगाचच एकमेकींकडे बघतात.

बोलणाऱ्यांनी हे शब्द बिघडवले याचा त्या काळीच कुणाला तरी राग आला होता. 'आपेन्दिक्स प्रोबी' नावाची एक जुनी लॅटिन यादी आहे, थेट पुणेरी पाटीच्या सुरातली: हे म्हणावे, ते म्हणू नये. 'सोक्रुस म्हणावे, सोक्रा नव्हे. नुरुस म्हणावे, नुरा नव्हे.' कुणी ऐकलं नाही आणि म्हणूनच आज स्पॅनिश आहे. कुळी शोधणाऱ्याला अशा याद्या फार उपयोगी. जे करू नका म्हणून दटावलंय ते लोक करत होते, हा लेखी पुरावा.

आता तत्सम आणि तद्भव. शाळेत व्याकरणाच्या तासाला पाठ केलेलं हे इथे कामी येतं. स्पॅनिशमध्ये कुन्यादो तद्भव आहे, शतकानुशतकं तोंडात घोळून झिजलेला. पण नंतर विद्वानांनी तोच लॅटिन शब्द ग्रंथांतून पुन्हा उचलला, न झिजवता: 'कोग्नादो'. त्याचा आजचा एक अर्थ म्हणजे एकाच मुळातून आलेले, वेगवेगळ्या भाषांतले भाईबंद शब्द. सासू आणि सुएग्रा हे एकमेकींचे कोग्नादो. म्हणजे आपण जे शोधतोय त्याचं शास्त्रीय नाव आणि मेहुण्याचं नाव मुळात एकच निघालं. स्पॅनिश शब्द शोधताना नेहमी बघा, त्याचा असा इस्त्रीतला जुळा भाऊ कोशात आहे का. असला तर मूळ अर्थ बऱ्याचदा त्याच्याकडे जपलेला असतो.

कोशाच्या बाहेरही जावं लागतं, कारण नात्याचा शब्द जिवंत माणसाच्या तोंडी काय करतो हे कोशाला उशिरा कळतं. माझ्या भाचीचं लग्न वालेन्सियाच्या मुलाशी झालं, इथेच, कर्वे रोडवरच्या कार्यालयात. मंगलाष्टकं झाली, होम सुरू झाला आणि कानपिळीची वेळ आली. माझा भाचा, एरवी अतिशय सभ्य, नवरदेवाचा कान धरून असा पिळू लागला की त्या गोऱ्या कानाचा टोमॅटो झाला. मुलाच्या आईने घाबरून मला विचारलं, हा कोण? मी म्हटलं, "एल कुन्यादो." ती एकदम निवांत झाली आणि आख्खी स्पॅनिश रांग खो खो हसायला लागली. नवरदेवाच्या काकांनी तर टाळ्या वाजवल्या.

का, ते सांगते. स्पेनमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुन्यादो म्हणजे सगळ्यातलं सगळं कळणारा माणूस. नाताळच्या जेवणाला टेबलाच्या कोपऱ्यात बसून, तू गाडी घेतलीस ती महाग घेतलीस, माझ्या ओळखीच्याकडे निम्म्यात मिळाली असती, असं सांगणारा. फुटबॉल, करप्रणाली, हॅम कसं कापावं, कशावरही मत तयार. या वृत्तीला 'कुन्यादिस्मो' म्हणतात. पुण्यात या माणसाला वेगळं नाव द्यायची गरज पडली नाही, कारण तो अल्पसंख्य नाही. तर असा कुन्यादो लग्नातच, धार्मिक विधी म्हणून, जावयाचा कान पिळतो आणि वर मानपान घेतो, हे त्यांना आमच्या संस्कृतीचं सर्वोच्च शिखर वाटलं. अर्थाच्या रकान्यात ही नोंद सर्वांत खाली आली आणि ती मला कोशातून नाही, कार्यालयातून मिळाली.

कुन्यादिस्मोचा जुना अर्थ मात्र मेहुणेशाही, वशिल्याने पदं वाटणं. त्यावरून स्पेनच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला कुन्यादो आठवतो. हुकूमशहा फ्रांको स्वतःला 'खेनेरालिसिमो' म्हणवून घ्यायचा, सेनापतींचा सेनापती. त्याच्या नात्यातला रामोन सेर्रानो सुन्येर आधी गृहखात्याचा आणि १९४० ते १९४२ परराष्ट्रखात्याचा मंत्री होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'कुन्यादिसिमो'. मेहुण्यांचा मेहुणा म्हणा हवं तर. पण नातं नीट तपासा. फ्रांकोची बायको कार्मेन पोलो, सेर्रानो सुन्येरची बायको तिची सख्खी बहीण सीता. मराठीत सांगायचं तर तो मेहुणा नव्हताच, साडू होता! आणि स्पॅनिशमध्ये साडूला काटेकोर शब्द आहे, 'कोन्कुन्यादो'. लॅटिन अमेरिकेत 'कोन्कुन्यो'. पण टोपणनाव ठेवताना इतकं कोण मोजतं.

या 'कोन'कडे लक्ष द्या. कोन म्हणजे बरोबर, सह. कुन्यादोला जोडला की साडू किंवा जाऊ. 'सुएग्रो'ला म्हणजे सासऱ्याला जोडला की 'कोन्सुएग्रो', व्याही. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्यांची या दोन शब्दांशी दमछाक होते, कारण इंग्रजीत यांना सुटसुटीत नावच नाही. तुम्ही इंग्रजीचा हात सोडा आणि वहीत सरळ लिहा: कोन्सुएग्रो म्हणजे व्याही, कोन्सुएग्रा म्हणजे विहीण. झालं. माझ्या वर्गात नातेसंबंधांच्या धड्यापुरती इंग्रजीला बंदीच आहे.

मराठी बाजू तपासायची असेल तर मोल्सवर्थचा कोश घ्या. १८३१चा, पुढे १८५७ला वाढवलेला, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट. 'मेहुणा' उघडून बघा. बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, शिवाय मामेभाऊ आणि आतेभाऊ. मामाच्या मुलीशी लग्न चालत होतं, म्हणजे मामेभाऊ हा होऊ घातलेला मेहुणाच. इरावती कर्व्यांनी डेक्कन कॉलेजमध्ये बसून भारतातल्या आप्तसंबंधांवर जे काम केलं, १९५३चं त्यांचं पुस्तक, त्यात अशा लग्नांचा आणि शब्दांचा संबंध प्रांताप्रांतानुसार उलगडलेला आहे. येरवड्याला कधी गेलात तर या कॉलेजच्या ग्रंथालयात अर्धा दिवस काढा. मूळ बघायचं तर मेहुणा संस्कृत 'मैथुन'वरून, म्हणजे जोडीवरून. घरी सवाष्ण-ब्राह्मण जोडपं जेवायला सांगतात ते 'मेहूण', तेही त्याच घरातलं. तेव्हा स्पॅनिश मेहुणा जन्मावरून आला आणि मराठी मेहुणा जोडप्यावरून. अर्थ सारखा म्हणून मूळ सारखं समजायचं नाही. सासूच्या बाबतीत ते सारखं निघालं, इथे नाही.

पारग्वाय थोडक्यात. १५३७ साली आसुन्सिओन वसलं, तेव्हा ग्वारानी लोकांनी स्पॅनिश माणसांना आपल्या मुली, बहिणी दिल्या. ग्वारानी रीतीप्रमाणे मेहुणे एकमेकांच्या शेतात राबतात. स्पॅनिशांनी राबवून घेणं तेवढं उचललं. इतिहासकार या व्यवस्थेला 'कुन्यादास्गो' म्हणतात. नात्याच्या शब्दामागे वेठबिगारीही असू शकते, हे त्या एका प्रत्ययात दिसतं. पेरूत मात्र आज मित्राला सहज 'कुन्याओ' अशी हाक मारतात, आपल्याकडे 'काय दाजी' म्हणतात त्या थाटात.

बोबड्या शब्दांवर वेळ घालवू नका. पापा, मामा, ताता हे जगभर तान्ह्या पोरांच्या ओठांतून आपोआप निघतात, त्यांच्यावरून कुळी लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'मामा' म्हणजे आई. आणि लहान मुलांना आधीच समजावून ठेवा, स्पॅनिश पाहुण्यांसमोर "काका, काका" करून ओरडायचं नाही. त्यांच्या भाषेत ती शी असते. भाचीच्या लग्नात आमच्याकडे काका पुष्कळ होते आणि सगळ्यांना जोरजोरात हाका चालल्या होत्या.

हाताला वळण लागावं म्हणून पुढचा शब्द 'सोब्रिनो' घ्या. आज त्याचा अर्थ भाचा आणि पुतण्या, दोन्ही. अकादमीच्या कोशात वरची ओळ बघा, 'सोब्रिनुस' मिळेल. त्याच्या पोटात लॅटिन 'सोरोर'चं, बहिणीचं, जुनं रूप लपलंय. तेच मूळ संस्कृत 'स्वसृ'चं. आता 'मावशी' हा शब्द तोडून त्यात 'मातृ' किती आणि 'स्वसृ' किती ते काढा, आणि मग 'प्रिमो' म्हणजे चुलत-मावस भाऊ हा शब्द नुसता 'पहिला' असा का निघतो, ते बघायला 'कोन्सोब्रिनुस प्रिमुस' शोधा. डावा रकाना अर्ध्या तासात भरतो. उजव्याला वेळ लागेल, चहा ठेवून बसा.